त्याच्या नावाने दिलेलं उत्तर

माझा राग नाकावर असतो, असं आमच्या पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, लोक म्हणतात. माझा भाऊ म्हणतो, नाकाचं मला माहीत नाही, मला दिसत नाही. पण जिभेवर असतो हे नक्की. त्याला वीस वर्षांपासून दिसत नाही आणि वीस वर्षांपासून तो असले विनोद करतो. मी हसत नाही. माझं हसणं ऐकू आलं नाही की तो स्वतःच हसतो.

आमच्या घरात आम्ही दोघंच. वडील रेल्वेच्या नोकरीत वर्ध्याहून रायपूरला आले आणि इथेच राहिले. ते गेले, मग आई गेली. भाऊ माझ्याहून बारा वर्षांनी धाकटा, त्यामुळे त्याला कडेवर घेऊन मी गोल बाजारातून फिरलेली आहे. पदवी घेतल्यावर तो सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात फाटकावर ट्रकांच्या चिठ्ठ्या लिहायला लागला. पंचविशीत त्याची नजर कडेकडून विझत गेली. आधी वाटायचं, धुरामुळे होत असेल. तिकडे धूर आणि काळी भुकटी सगळ्यांच्याच डोळ्यांत जाते. पण डॉक्टर म्हणाले, हा आजार रक्तातलाच आहे, याला औषध नाही. वर्षभरात तो घरी बसला.

माझं लग्न झालं नाही याचं कारण तो आहे असं पुष्कळ लोकांना वाटतं, आणि ते ऐकून मला गोड वाटायचं, म्हणून मी कधी खुलासा केला नाही. खरं म्हणजे तो धडधाकट होता तेव्हाच मला बघायला आलेल्या दोन मंडळींशी मी भांडले होते. एकांनी चहात साखर कमी आहे म्हटलं होतं. दुसऱ्यांचं आता आठवतही नाही.

मी सरकारी कचेरीत कारकून होते. कचेरीत जायच्या आधी आणि आल्यावर मी त्याला वाचून दाखवायची. वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, औषधाच्या पट्टीवरचं नाव, मतदानाची चिठ्ठी, नागपूरच्या मावसभावाची पत्रं. मी वाचायची म्हणजे निवडून वाचायची. कुणी तरुण माणूस गेल्याची बातमी आली की मी पान उलटायची. अंधांच्या शाळेत काही वाईट घडलं असेल तर तेही. तो म्हणायचा, "ताई, पान लवकर पलटलं आज." मी म्हणायची, जाहिरात होती. हिंदीतले फॉर्म मीच भरायची, त्याची सही करताना त्याच्या बोटांत पेन ठेवून रेषेवर आणून द्यायची. सही त्याची असायची, वरचा सगळा मजकूर माझा. त्याच्या जागी 'मैं' लिहिताना माझा हात एकदाही अडखळला नाही. वीस वर्षांत मला त्यात काही वावगं दिसलं नाही, आणि त्याने तशी तक्रारही केली नाही.

गुडघ्यांमुळे मी वेळेच्या आधीच नोकरी सोडली. त्याच सुमारास त्याने कुठून तरी ऐकलं की समता कॉलनीत, एका फिजिओथेरपीच्या दवाखान्याच्या मागे, न दिसणाऱ्यांना संगणक शिकवतात. तो म्हणाला, "मले शिकायचं आहे." मी म्हटलं, पंचेचाळिशीत? तो म्हणाला, "तू सत्तावन्नाव्या वर्षी घरी बसून काय करून राहिली? मले सोडून दे स्कूटीवर." मला वाटलं, बरं आहे, दोघांनाही बाहेर पडायचं निमित्त होईल.

दोन खोल्यांचं केंद्र. आत आठ संगणक, आणि सगळ्यांचे पडदे बंद. मी आधी समजले, वीज गेली आहे. माउस काढून एका ड्रॉवरमध्ये ठेवलेले. तिथे सगळं काम कळफलकावर आणि कानांवर चालतं. संगणक बोलतो आणि माणूस ऐकतो. शिकवणाऱ्या मॅडम तिशीतल्या, जन्मापासून अंध, आवाज बारीक पण असा की त्यापुढे कुणाचं चालत नाही. पहिल्या दिवशी मी भावाच्या खुर्चीमागे उभी राहिले. त्याचं बोट एका कळीवर जाऊन थबकलं आणि मी सवयीने म्हणाले, "डावीकडे, अजून डावीकडे."

मॅडम म्हणाल्या, "दीदी, आप बाहर बैठिए।"

"मैं इसकी बहन हूँ."

"हाँ, इसीलिए।"

मी बाहेर गेले. पण वाटेत माझा चेहरा कसा झाला असेल ते त्या खोलीतल्या कुणालाच दिसलं नाही, आणि हे मला तेव्हा फार लागलं. रागवायचं आणि ते कुणाला कळूही नये!

बाहेर व्हरांड्यात दोन बाकं होती. तिथे आमच्यासारखी माणसं बसलेली असायची. तिल्द्याहून रोज रेल्वेने मुलीला घेऊन येणारी एक आई, मधुमेहाने जिची नजर गेली तिचा नवरा, आणखी एकदोघं. ते आतल्या माणसांबद्दल असं बोलायचे की जणू स्वतःचंच दुखणं सांगताहेत. "आज हमारी ने पूरा नाम लिख लिया," ती आई एकदा म्हणाली.  तिच्या हातात डबा होता, तो मुलीला भरवायचा की मुलगी स्वतः खाईल, असा काहीसा विचार तिच्या मनात चालला असावा. मी तिला विचारलं नाही. त्या बाकांवर बसणारे आम्ही कुणीच एकमेकांना खरं विचारत नव्हतो.

तो भराभर शिकला. तिथे माणूस किती शिकला हे आवाजाच्या वेगावरून कळतं. नवा माणूस संगणकाला सावकाश बोलायला लावतो, एकेक शब्द. मग हळूहळू वेग वाढवत नेतात. चार महिन्यांत माझ्या भावाचा संगणक इतक्या वेगाने बोलायला लागला की मला त्यात एक अक्षर कळेना. कढईत मुरमुरे फुटावेत तसा नुसता तडतडाट. मॅडम म्हणाल्या, या बॅचमध्ये इतका वेग कुणाचाच नाही. आम्ही एक जुना लॅपटॉप घरी घेतला. तो कानात इअरफोन घालून बसायचा आणि मध्येच हसायचा. काय झालं विचारलं तर म्हणायचा, "काही नाही, वाचून राहिलो."

एक दिवस सकाळी मी पेपर घेऊन त्याच्याजवळ बसले. पहिल्या पानाची घडी मोडली तोच तो म्हणाला, "ताई, मी वाचला. फोनवर. तू वाच आता तुझा तुझा."

त्याने ते चांगल्या मनाने म्हटलं होतं. मला आराम मिळावा म्हणूनच. मी तसाच पेपर मांडीवर घेऊन बसले आणि खूप वर्षांनी सगळं पान वाचलं, न गाळता. तरुण माणसं गेल्याच्या बातम्यासुद्धा. मला एका यंत्राचा हेवा वाटला, हे लिहायला आज लाज वाटते, पण वाटला तो वाटला. त्या दिवसापासून आमच्या घरातली सकाळ सुनी झाली. आधी तासभर माझा आवाज घरात भरून असायचा, आता फक्त पंख्याचा.

मग ते पत्र आलं.

आषाढातली दुपार होती, तो अंघोळीला गेला होता, फोन चार्जिंगला होता. मी गॅसचा नंबर लावायला लॅपटॉप उघडला. त्याचा मेल मीच काढून दिला होता, पासवर्ड माझ्या वहीत होता, त्यामुळे तो उघडाच असायचा. वरतीच भोपाळच्या एका संस्थेचं पत्र होतं. त्याची निवड झाली होती. सहा महिन्यांचं प्रशिक्षण, तिथेच वसतिगृहात राहायचं, आणि नंतर न दिसणाऱ्यांना शिकवणारा शिक्षक म्हणून काम. आठ दिवसांत होकार कळवा, असं होतं.

मी ते तीनदा वाचलं. त्याने अर्ज केला होता, हे मला माहीतच नव्हतं. मॅडमच्या मदतीने केला असणार. ज्याचा प्रत्येक अर्ज वीस वर्षं माझ्या हाताने गेला, त्याने हा मला न सांगता केला. आधी मला राग आला. मग रागाखाली काहीतरी गार सरकलं. भोपाळ. सहा महिने, आणि मग कोणास ठाऊक कुठे. मी स्वयंपाकघरात पाहिलं; दोन ताटं धुऊन उभी केली होती.

मी उत्तर लिहिलं. विचार करून नाही, हाताला सवय होती तसं लिहिलं. आदरणीय महोदय, आपने मुझे चुना, आपका आभारी हूँ। परंतु मैं अकेले नहीं रह सकता। घर में मेरी बहन ही मेरा सब कुछ देखती है। इसलिए आने में असमर्थ हूँ। खाली त्याचं नाव. पाठवलं. आणि आलेलं पत्र पुसून टाकलं. न्हाणीघरातलं पाणी बंद झालं तेव्हा मी लॅपटॉप मिटून गॅसच्या पुस्तिकेत तोंड घालून बसले होते.

मला वाटलं, संपलं. पुसलं म्हणजे पुसलं. डोळस माणसाचा हाच घोटाळा असतो. समोर दिसेनासं झालं की त्याला वाटतं, ते नाहीच.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. तो रोज मेल उघडायचा. रोज जेवताना म्हणायचा, "भोपाळवाल्यांचं काही आलं नाही अजून." आता त्याने मला अर्जाचं सांगितलं होतं, जरा संकोचाने, म्हणाला, झालं तर तुले सांगणारच होतो, नाही झालं तर उगाच तुह्या जिवाला घोर काहून लावू? मी म्हणायची, "येईल." हा शब्द माझ्या तोंडून निघताना मला स्वतःचीच शिसारी यायची. मी त्याच्या ताटात जास्तीची भाजी वाढायची. एकदा त्याने वाटी हाताने चाचपली आणि विचारलं, "ताई, आज काय आहे? सण आहे काय?"

मला वाटायचं, सांगावं. आणि मग वाटायचं, आता सांगून काय, आठ दिवस संपतील, तो विसरेल, पुन्हा आपण दोघं. आठवा दिवस गेला. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटण्याचीच मला भीती वाटली.

दहाव्या दिवशी मॅडमनी वर्गात मेलचे कप्पे शिकवले. आलेली पत्रं एकीकडे, गेलेली पत्रं दुसरीकडे, पुसलेली आणखी तिसरीकडे. काहीच लगेच नाहीसं होत नाही, प्रत्येकाने आपापले कप्पे उघडून पाहा, असं त्या म्हणाल्या. हे मला नंतर कळलं. मी तर व्हरांड्यात बसले होते. तो बाहेर आला तेव्हा नेहमीसारखा हात पुढे केला नाही. भिंतीला बोटं लावत स्वतःच पायऱ्या उतरला आणि स्कूटीच्या मागच्या सीटवर बसून राहिला. वाटेत मी विचारलं, बरं नाही वाटत काय? तो म्हणाला, "वाटते."

दोन दिवस तो तसाच होता. रविवारी जेवणं झाल्यावर त्याने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला, इअरफोनची वायर उपटून काढली आणि म्हणाला, "ताई, बस इथे."

मी बसले. तो कळ दाबत गेला आणि संगणक स्वतःचा वेग मोजत खाली आला. नब्बे, अस्सी, सत्तर. पन्नासवर त्याने मला विचारलं, "कळून राहिलं?"  तो आणखी खाली गेला, तीसपर्यंत. नव्या शिकणाऱ्यांचा वेग. मला कळावं म्हणून.

मग यंत्राने माझं पत्र वाचलं. एकेक शब्द, मध्ये मोठी जागा सोडून, कुठलीच माया नसलेल्या आवाजात. मैं. अकेले. नहीं. रह. सकता. मी खाली मान घालून टेबलक्लॉथवरचा डाग बघत होते. असं वाटलं, कुणीतरी माझंच मन चौकात उभं राहून वाचून दाखवतंय.

"हे मी कधी म्हटलं?" त्याने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"मले वाटलं..."

"तुले वाटलं. मग तुह्या नावानं लिहायचं होतं ना, ताई. माह्या नावानं काहून लिहिलं?"

मी काय करायला हवं होतं ते उघड आहे. पण माझी जीभ माझ्या ताब्यात कधी होती? मी उलट त्याच्यावरच ओरडले. म्हटलं, तू मले न सांगता अर्ज केलास, परक्या बाईला सांगितलंस आणि मले नाही, इतकी वर्षं कुणी केलं तुझं? शेवटचं वाक्य बोलून झाल्यावर मला ते परत गिळावंसं वाटलं. 

"तुले सांगितलं असतं तर तू काय म्हटलं असतं?" त्याने विचारलं.

मी नाहीच म्हटलं असतं. त्याला ते माहीत होतं, मलाही. मी रडायला लागले. तो उठून जवळ आला नाही. पूर्वी मी रडले की तो चाचपत यायचा आणि डोक्यावर हात ठेवायचा. त्या दिवशी नाही आला, आणि मला ते बरोबरच वाटलं.

थोड्या वेळाने तो नवं पत्र लिहायला लागला. वेग तसाच कमी ठेवला होता, त्यामुळे तो काय लिहितोय ते मला अक्षराअक्षराने ऐकू येत होतं. त्याने लिहिलं, पिछला मेल मुझसे गलती से चला गया। मैं अभी नया-नया सीख रहा हूँ, मेल चलाना ठीक से नहीं आता। मैं आना चाहता हूँ।

"असं नको लिहू," मी म्हटलं. "तुले मेल चालवता येत नाही असं वाचून ते तुले घेणार नाहीत. तू दुसऱ्यांना शिकवणारा होणार आहेस."

"मग काय लिहू? खरं लिहू?"

 एवढं म्हणायला हवं होतं की हो, खरं लिही. माझ्याच्याने म्हणवलं नाही. अनोळखी माणसांसमोर माझी लाज जाऊ नये म्हणून, ज्याचा वेग पूर्ण बॅचमध्ये सर्वात जास्त त्याने आपल्याला काही येत नाही असं लिहून दिलं. मी बसून ते होऊ दिलं. माझ्या हातून झालेल्या दोन चुकांपैकी ही दुसरी मला जास्त मोठी वाटते.

चार दिवसांनी उत्तर आलं. त्याने ते मला वाचून दाखवलं, पुन्हा सावकाश. जागा भरली होती. अभ्यर्थीने आधी मेलचा प्राथमिक सराव पक्का करावा, तसं केंद्राचं पत्र आणावं, मग पुढच्या सत्रासाठी विचार करू. तो हसला. "चला," म्हणाला, "पुन्हा पहिलीत."

आणि खरंच तो पुन्हा पहिलीत बसला. सोमवारपासून नव्या आलेल्या लोकांच्या बॅचमध्ये, जिथे एकेक अक्षर शोधायला लावतात. मी त्याला रोज सोडायला जायची. व्हरांड्याच्या खिडकीतून मला आतलं ऐकू यायचं. मॅडमनी पहिल्या दिवशी विचारलं, तुम्ही इथे कशाला? तो म्हणाला, "मैडम, एक गलती हो गई थी मुझसे।" त्यांनी आणखी न विचारता त्याला बसवून घेतलं. तो तासभर ए, बी, सी करत बसला.

मला जे हवं होतं ते मिळालं होतं. तो गेला नव्हता. घरी दोन ताटं होती, दोन पलंग होते, संध्याकाळी दोन कप चहा व्हायचा. पण तो कानात इअरफोन घालून पलीकडच्या खोलीत असायचा आणि मी अलीकडच्या. त्याने अबोला धरला नव्हता. मीठ दे, पंखा लाव, उद्या किती वाजता निघायचं, सगळं बोलायचा. विनोद मात्र बंद झाले. मी एकदा ठेच लागून मोठ्याने विव्हळले, तेव्हा पूर्वी तो म्हणाला असता की आंधळा मी आहे आणि पडतेस तू. तो फक्त म्हणाला, "लागलं काय?" एका घरात दोन माणसं असून मी इतकी एकटी कधीच नव्हते.

तीन आठवडे मी ते सोसलं. मग एका दुपारी, वर्ग नसताना, मी एकटीच केंद्रात गेले. मॅडम डबा खात होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, भोपाळचं पत्र मी पुसलं, उत्तर मी लिहिलं.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मुझे लगा ही था. उससे ऐसी गलती नहीं होती।"

"फिर आपने उससे पूछा क्यों नहीं?"

"उसका मेल है, दीदी। मैं क्यों पूछूँ?"

इतकी साधी गोष्ट. मला कुणी चार शिव्या दिल्या असत्या तर मी उलट चार दिल्या असत्या. या वाक्यावर मी फक्त खुर्ची ओढून खाली बसले. त्या म्हणाल्या, भोपाळला तुम्ही स्वतः लिहा, तुमच्या मेलवरून. मी म्हटलं, माझा मेल नाही. त्यांना वाटलं, मी टाळते आहे. पण खरंच नव्हता. माझं पेन्शन, माझी बँक, माझा गॅस, सगळीकडे मी त्याचाच मेल दिलेला होता. तो चालवत होते मीच, त्यामुळे स्वतःच्या नावाचा एक असावा असं कधी डोक्यातच आलं नाही. सगळ्या पाऱ्याला मी सांगायची की तो माझ्यावाचून चालू शकत नाही, आणि माझा स्वतःचा साधा पत्ताही नव्हता.

त्यांनी मला एका संगणकापाशी बसवलं आणि सांगितलं, तुम्हाला दिसतं, पडद्याचं बटन खाली आहे, लावून घ्या. टप्प्याटप्प्याने सांगत गेल्या. पासवर्डची वेळ आली तेव्हा त्यांनी आवाज बंद केला आणि म्हणाल्या, "यह मुझे मत बताइए। भाई को भी नहीं।" मी अर्धा तास विचार करून एक शब्द ठरवला. तो मी कुठल्याच वहीत लिहिलेला नाही.

मग मी भोपाळला पत्र लिहिलं. माझ्या नावाने, 'मैं' म्हणजे या वेळी मी. पहिलं उत्तर माझं होतं, भावाला त्याची खबर नव्हती, दुसऱ्या पत्रात त्याने माझी चूक स्वतःवर घेतली, त्याला सगळं येतं. सगळ्या ओळी सरळ उतरल्या. पण पाठवायच्या कळीवर बोट ठेवलं आणि माझा हात तिथेच राहिला. मला पक्कं माहीत होतं, हे गेलं की तो जाणार. मी मागे वळून मॅडमकडे पाहिलं. कुणीतरी म्हणावं, दाबा, दीदी. त्या डबा आवरत होत्या. मी दाबलं.

पुढचं सगळं लवकर झालं. एका उमेदवाराने नाव मागे घेतलं होतं. त्यांनी याला बोलावलं. पत्र त्याच्या मेलवर आलं आणि त्याची एक प्रत माझ्या. मी माझी प्रत वाचली, पण त्याच्या खोलीत गेले नाही. त्याने स्वतः वाचून मला सांगावं म्हणून स्वयंपाकघरात थांबून राहिले. तो दाराशी आला.

"तू लिहिलं त्यांना?"

"हव."

तो चौकटीला धरून उभा होता. मग आत आला, ओट्याला हात लावत माझ्यापर्यंत आला. "तू काय करशील, ताई?" त्याने विचारलं. वीस वर्षं मीच त्याला हे विचारत आले होते, मी नसले तर तू काय करशील. त्याने मला पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, मला काय धाड भरली आहे, मी राहीन. 

मी त्याला स्टेशनवर सोडायला गेले. डब्यात चढताना त्याने घडीची पांढरी काठी उघडली आणि पायरी स्वतः शोधली. माझा हात पुढे गेला होता, तो मी मागे घेतला.

याला आता सव्वा महिना झाला. दर दोन दिवसांनी त्याचा मेल येतो, माझ्या पत्त्यावर. वसतिगृहात इंदूरचा एक जण आहे, तो याच्याहून जोरात घोरतो. डाळ पातळ असते. तिथे याचा वेग दुसऱ्या नंबरवर आहे आणि त्याला ते सहन होत नाहीये. दर पत्राच्या शेवटी विचारतो, तू काय करून राहिली? मी उत्तर लिहायला बसते आणि काही सुचत नाही. एका माणसाच्या घरात दिवसभरात काही घडत नाही. सुरुवातीला मी सवयीच्या हिंदीत लिहायची की मी मजेत आहे, शेजारणी येतात, देवळात जाते. तो ते वाचून गप्प बसत असेल. माझं निवडून वाचणं ज्याला वीस वर्षं ऐकू यायचं, त्याला माझं निवडून लिहिणं ऐकू येत नसेल काय?

काल त्याने लिहिलं, दिवाळीला सुट्टी आहे, पण त्याच आठवड्यात सरावाच्या शाळेत शिकवायला जायची संधी आहे. तू म्हणशील तर येतो.  मग हिंदी सोडून आमच्या घरच्या बोलीत लिहिलं, जशी मी त्याच्याशी बोलते तसं. मले तुह्याबिगर बिलकुल करमून नाही राहिलं. रोज रडू येते. पण तू येऊ नको, शिकवायला जा.

खाली माझं नाव लिहिलं आणि पाठवून दिलं.